माळ्यावरचा कॉम्प्युटर पुन्हा चालू करताना : जुन्या मदरबोर्डांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ३८६, ४८६, पेंटियम आणि के६-२ या प्रोसेसरांच्या पिढ्यांच्या घरगुती बोर्डांसाठी आहे. ढोबळमानानं १९९० ते २००० या काळातले. कोल्हापुरात असे बोर्ड अजून निघतात. कुणाच्या माळ्यावर पोत्यात बांधलेले, एखाद्या प्रेसमध्ये जुन्या लग्नपत्रिकांच्या फायलींसाठी जपलेले, नाहीतर उद्यमनगरात सीएनसीला प्रोग्रॅम पाठवायला रोज राबणारे. प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवलेत, म्हणून क्रम शिस्तीतला नाही. उत्तरांचा सूर मात्र एकच: आधी मोजा, मग बदला. या बोर्डांवरच्या चिपा सहसा जात नाहीत. बॅटरी गळते, सप्लाय (एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा) दगा देतो, आणि उरलेल्या वेळी कुणीतरी कधीकाळी जंपर (पिनांवरची सेटिंग बदलणारी छोटी टोपी) हलवून ठेवलेला असतो.

वीस-पंचवीस वर्षं बंद असलेलं मशीन आहे. वायर लावून एकदा चालू करून बघू का?

नका. आधी कॅबिनेट उघडा आणि बॅटरी बघा. गळलेली असेल तर बाकी सगळं थांबवून खालचा बॅटरीचा प्रश्न वाचा. मग सप्लायचे कनेक्टर बोर्डावरून काढा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि बोर्डाच्या बाजूला ५ व्होल्ट-ग्राउंड, १२ व्होल्ट-ग्राउंड असं मोजा. एक-दोन ओहम दिसले तर कुठंतरी शॉर्ट आहे, आणि त्या काळच्या बोर्डांवर पहिला संशय टँटलम कॅपॅसिटरवर घ्यायचा. स्लॉटांच्या आणि पॉवर कनेक्टरच्या आसपास थेंबाच्या आकाराचे पिवळे किंवा निळे तुकडे दिसतील, तेच. फार वर्षं पडून राहिलेला टँटलम पहिल्याच करंटला आवाज करून फुटतो. १२ व्होल्टच्या लाइनीवरचे जास्त. बदलताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: टँटलमवरची पट्टी पॉझिटिव्हची असते, साध्या इलेक्ट्रोलिटिकवरची निगेटिव्हची. सवयीनं उलटा बसवला तर नवा कोराही फुटेल.

एसएमपीएस वेगळा तपासायचा, पण मोकळा नाही. जुन्या एटी सप्लायला ५ व्होल्टवर थोडाफार लोड लागतो, नसेल तर तो सुरूच होत नाही किंवा भलतं व्होल्टेज दाखवतो. डेटा गेलेली पण मोटर फिरणारी एखादी हार्डडिस्क लावली की भागतं. ५ च्या लाइनीवर ४.७५ ते ५.२५ आणि १२ च्या लाइनीवर ११.४ ते १२.६ या हद्दीत आकडा यायला हवा. एसएमपीएसचं झाकण मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही आतले मोठे कॅपॅसिटर बराच वेळ भरलेले राहतात.

सप्लायचे दोन सारखेच कनेक्टर आहेत. कुठला कुठं?

काळ्याजवळ काळी. पी८ आणि पी९ बसल्यावर दोन्हीकडच्या काळ्या वायर मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. अदलाबदल झाली तर ग्राउंडच्या पिनांवर ५ व्होल्ट जातात आणि बोर्ड जागीच जातो. टोकाची नारिंगी वायर ‘पॉवर गुड’ची. सप्लाय स्थिर झाला की त्या वायरवर ५ व्होल्ट येतात आणि तोवर प्रोसेसर रीसेटमध्येच अडकलेला असतो. पंखा फिरतोय, सगळी व्होल्टेज बरोबर आहेत, तरी बोर्ड ठप्प असेल तर ही नारिंगी मोजायची.

याच सप्लायची जाड केबल कॅबिनेटच्या पुढच्या बटणापर्यंत जाते. त्या चार वायरींवर थेट २३० व्होल्ट असतात. बटणाच्या मागचे रबरी टोपडे गेले असतील तर आधी ते घाला.

नवा एटीएक्स सप्लाय लावला तर चालेल का?

चालेल. वीस पिनांवरून पी८-पी९ करणारा ॲडॉप्टर मिळतो, नाही मिळाला तर घरी बनतो. हिरवी वायर काळीला जोडली की सप्लाय सुरू होतो. नव्या सप्लायमध्ये उणे ५ व्होल्टची पांढरी वायर नसते. ४८६ बोर्डाला तिची गरज पडत नाही, काही जुन्या आयएसए (जुन्या पद्धतीच्या स्लॉटच्या) साउंड कार्डांना पडते. कार्ड मुकं झालं तर हे आठवा.

कॅबिनेटला हात लावला की बारीक करंट लागतो. बोर्ड खराब आहे का?

बोर्ड ठीक आहे, घराचं अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधले दोन कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना कॅबिनेटशी जोडतात. अर्थ लागलेला असेल तर तो गळका करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असल्यानं माणसाला नुसती झिणझिणी येते. पोर्टाच्या चिपा तेवढ्यानं जातात. अर्थ नसलेल्या मशीनला अर्थ असलेला प्रिंटर चालू स्थितीत जोडला की पॅरलल पोर्ट गेलाच समजा. शहरातल्या जुन्या वाड्यांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण वरचं भोक कशालाच जोडलेलं नसतं. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एप्रिल-मेमध्ये वळीव गडगडायला लागला की प्लग उपसून ठेवा आणि मोडेम असेल तर टेलिफोनची वायरही.

बॅटरी गळून हिरवं-निळं झालंय. बोर्ड गेला का?

बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण मी तरी असा बोर्ड पहिल्या नजरेत टाकून देत नाही. ३८६ आणि सुरुवातीच्या ४८६ बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियमची नळकांडी बॅटरी असायची, बहुधा कीबोर्डच्या गोल सॉकेटशेजारी. तिच्यातून गळतं ते ॲसिड नसतं, अल्कली असते. ती तांबं खात ट्रॅकच्या (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांच्या) कडेनं पुढं सरकते आणि कीबोर्ड कंट्रोलर, पहिला-दुसरा आयएसए स्लॉट, कधी बायोसच्या (बोर्ड सुरू करणारा प्रोग्रॅम असलेल्या चिपच्या) सॉकेटपर्यंत पोचते.

बॅटरी आधी कापून काढा. मग किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून जुन्या टूथब्रशनं हलकं घासा. साधं व्हिनेगरही चालतं. फेस यायचा थांबला की ती जागा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरनं भरपूर धुवा, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल मारा आणि पंख्याखाली दोन दिवस राहू द्या. नळाचं पाणी शेवटच्या धुण्याला नको, क्षार मागे राहतात.

खरं काम इथून पुढं. भिंगाखाली बघा. हिरव्या मुलाम्याखालचा ट्रॅक चकचकीत तांबूस दिसला तर शाबूत आहे, काळपट किंवा फुगलेला दिसला तर आतून सडलाय. ब्लेडच्या टोकानं मुलामा खरवडा. खाली उजळ तांबं निघालं तर कथील चढवून सोडून द्या. काळी भुकटी निघाली तर तो ट्रॅक गेला. त्यावर कथील धरतच नाही, मणी होऊन घरंगळतं. कंटिन्युइटीवर दोन टोकं धरून कुठून कुठं तुटलंय ते शोधा आणि वरून तार मारा. तारेसाठी मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं जा, लाखेचा थर असलेली बारीक तांब्याची तार त्याच्याकडं तुकड्यातुकड्यानं पडलेली असते. टोकाची लाख खरवडूनच सोल्डर करा. आणि दोन थरांना जोडणारी बारीक भोकं विसरू नका. वरून स्वच्छ दिसणारा ट्रॅक भोकात तुटलेला असतो आणि माणूस दिवसभर रॅम बदलत बसतो.

भिंग कुठलं घ्यावं, असंही विचारतात. गुजरीत सोनार डोळ्याला लावतात ते दहापट दाखवणारं. मोबाइल दुरुस्तीचा मायक्रोस्कोप असेल तर सोन्याहून पिवळं, पण नसल्यानं काही अडत नाही.

जुन्या बॅटरीच्या जागी कुठली घालू?

सीआर२०३२ सरळ त्या जागी घालू नका. मूळ बॅटरी चार्ज होणारी होती, म्हणून बोर्ड तिला करंट पुरवत राहतो. लिथियमचं बटण चार्ज केलं तर फुगतं, फुटतंही. मध्ये डायोड लागतोच. साधा १एन४१४८ अर्धा-पाऊण व्होल्ट खातो आणि ३ चे सव्वादोन-अडीच उरतात, त्यावर काही बोर्ड तारीख विसरतात. १एन५८१७ सारखा शॉट्की डायोड कमी खातो.

माझ्या मते सोपा मार्ग दुसराच आहे. कॉर्डलेस फोनचं ३.६ व्होल्टचं निकेल-मेटल हायड्राइड पॅक घ्या. व्होल्टेज तेच, चार्जिंगही चालतं, डायोडची भानगड नाही. फक्त बोर्डावर चिकटवू नका. वायर लांब ठेवून पॅक कॅबिनेटच्या तळाला अडकवा, म्हणजे उद्या गळलं तरी पत्र्यावर गळेल. बऱ्याच ४८६ बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचा कनेक्टर आणि शेजारी आतली की बाहेरची हे ठरवणारा जंपर असतो. कुठली पिन पॉझिटिव्ह ते मीटरनं पडताळल्याशिवाय वायर लावू नका.

माझ्या बोर्डावर बॅटरीच दिसत नाही. एक काळा चौकोनी ठोकळा आहे, त्यावर घड्याळाचं चित्र आहे.

तो डॅलसचा डीएस१२८७ किंवा डीएस१२८८७. बॅटरी त्याच्या पोटात आहे आणि तिचं आयुष्य दहा वर्षांच्या आसपासचं होतं, म्हणजे केव्हाच संपलं. सॉकेटमध्ये असेल तर नवा आणून बसवा. ‘नवा’ म्हणून ऑनलाइन येणारे पुष्कळदा जुनाच ठोकळा पुसून नवी छपाई केलेले असतात, तारखेचा कोड बघून घ्या. हात स्थिर असेल तर ठोकळ्याची कड १६ आणि २० नंबरच्या पिनांपाशी कोरायची, आतल्या मेलेल्या बॅटरीकडं जाणारी जोडणी तोडायची आणि २० ला सीआर२०३२ चा पॉझिटिव्ह, १६ ला निगेटिव्ह. इथं चार्जिंग नाही, त्यामुळे डायोड लागत नाही.

चालू केलं की नुसतंच टूं टूं वाजतंय, स्क्रीन काळीच. काय झालं असंल?

वाजतंय ही चांगली बातमी आहे. प्रोसेसर जिवंत आहे, बायोस वाचला जातोय, आणि तक्रार काय ते बोर्ड स्वतःच सांगतोय. आधी बायोस कुणाचा ते चिपवरच्या स्टिकरवर बघा. एएमआय असेल तर आवाज मोजा: एक, दोन किंवा तीन म्हणजे रॅम, पाच म्हणजे प्रोसेसर, सहा म्हणजे कीबोर्ड कंट्रोलर, आठ म्हणजे डिस्प्ले कार्ड, नऊ म्हणजे बायोसच्या चिपमधला मजकूर बिघडलाय. अवॉर्डमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड; लांब आवाज थांबत थांबत येतच राहिला तर रॅम.

एएमआयवर सहा आवाज आले आणि बॅटरी गळलेली होती, तर कंट्रोलरची चिप बदलायला धावू नका. तिच्याकडं जाणारे ट्रॅक तपासा.

आवाजही नाही, डिस्प्लेही नाही. आता?

स्पीकर जोडलाय ना? हसू नका, अर्धे ‘मुके’ बोर्ड तिथंच बोलायला लागतात. या बोर्डांवर स्पीकर नसतो, कॅबिनेटचा लावावा लागतो.

मग सगळं उतरवा. प्रोसेसर, रॅमची एक बँक (एकत्र लागणाऱ्या पट्ट्यांचा संच), स्पीकर आणि एखादं साधं आयएसए डिस्प्ले कार्ड एवढंच ठेवा. हार्डडिस्क, फ्लॉपी, साउंड कार्ड, मल्टी आयओ (डिस्क आणि पोर्टांचं कार्ड) सगळं बाहेर. बोर्ड कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर घ्या. उभारणीचा एखादा पितळी स्क्रू भलत्या जागी राहून मागून शॉर्ट करत असतो, हे वरचेवर दिसतं. ३८६ बोर्डांवर मोनोक्रोम की कलर असा जंपर असतो तोही बघा.

एवढ्यानं नाही भागलं तर पोस्ट कार्ड लावा. बायोस प्रत्येक टप्प्याचा आकडा ८०एच या पोर्टवर टाकत असतो, कार्ड तो दाखवतं. बाजारात मिळणाऱ्या कार्डांना एका कडेला आयएसए आणि दुसऱ्या कडेला पीसीआय (नंतरच्या पिढीचा स्लॉट) असतं आणि ते उलट्या तोंडानंही स्लॉटमध्ये शिरतं, तेव्हा घालताना पिनांची दिशा दोनदा बघा. आकडा सुरुवातीपासून एफएफ किंवा ०० वर गोठला असेल तर प्रोसेसर बायोसचा पहिला शब्दही वाचत नाहीये: सप्लाय, पॉवर गुड, क्लॉक, प्रोसेसरचे जंपर किंवा बायोसची चिप यांपैकी काहीतरी. अवॉर्डवर सी१ पाशी थांबला तर रॅम.

बायोसची चिप खिडकीवाली (वर काचेचा गोल असलेली) असेल तर स्टिकर कुठल्याही परिस्थितीत काढू नका. अतिनील प्रकाशानं ती पुसली जाते, आणि उन्हात ठेवलेली पण काही आठवड्यांत पुसते. स्टिकर निघून गेलेली आढळली तर काळी टेप लावा. मजकूर बिघडलाच असेल तर टीएल८६६ सारख्या प्रोग्रॅमरवर तीच फाइल पुन्हा जाळून (चिपमध्ये लिहून) घेता येते. चालू बोर्डाच्या बायोसची प्रत आजच काढून ठेवा, हे आलंच.

रॅम खोडरबरनं घासावी का?

आपल्याकडं कॉम्प्युटर दुरुस्ती शिकणारा प्रत्येक जण पहिलं हेच शिकतो. पांढऱ्या मऊ रबरानं, हलक्या हातानं, एकदा घासलं तर हरकत नाही. निळ्या-लाल शाईच्या रबरात कचकच असते, ती सोन्याचा मुलामा उडवते. घासल्यावर चुरा अल्कोहोलनं पुसा, नाहीतर तोच सॉकेटमध्ये जाऊन बसतो.

संख्येचा गोंधळ मात्र रबरानं सुटत नाही. ३० पिनांची रॅम ८ बिटांची. ३८६एसएक्सला त्या जोडीनं लागतात, ३८६डीएक्स आणि ४८६ ला चार-चार. ७२ पिनांची ३२ बिटांची: ४८६ ला एक पुरते, पेंटियमला दोन, त्याही सारख्याच. बँक अर्धी भरली तर बोर्ड गप्प बसतो आणि माणसाला वाटतं रॅम खराब. ईडीओ (थोडी नवी, वेगवान) रॅम पेंटियमवर बिनधास्त, जुन्या ४८६ वर बहुधा नाही. पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) नसलेली रॅम घातली असेल तर सेटअपमध्ये पॅरिटी तपासणी बंद करा.

बोर्डावर नाव नाही, मॅन्युअल नाही. जंपर कसे कळणार?

चालू होत असेल तर सोपं आहे. सुरू होताना स्क्रीनच्या तळाशी आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ येते, पॉज दाबून ती लिहून घ्या. बोर्ड कुणी बनवला, चिपसेट कुठला, हे त्यातून निघतं. चालू होत नसेल तर चिपसेटवरचे नंबर, बोर्डाच्या कडेचा छापील मजकूर आणि एफसीसी क्रमांक टिपा. ‘टोटल हार्डवेअर ९९’ हा जुना संग्रह आणि ‘द रेट्रो वेब’ या दोन ठिकाणी बहुतेक सापडतात. जंपरांना हात लावण्याआधी बोर्डाचा फोटो काढा, चारही बाजूंनी. सापडलेली मांडणी चुकीची असली तरी ती कुणीतरी कधीतरी चालवलेली असते आणि परत जायला तेवढाच धागा असतो.

प्रोसेसर बदलायचा आहे. कुठले जंपर बघायचे?

तीन: व्होल्टेज, बसचा (बोर्डाचा मूळ) वेग आणि गुणक (प्रोसेसर त्याच्या किती पट पळतो तो आकडा). याच क्रमानं. वेग चुकला तर मशीन अडतं, व्होल्टेज चुकलं तर प्रोसेसर जातो.

४८६ डीएक्स आणि डीएक्स२ हे बहुतांशी ५ व्होल्टचे. डीएक्स४-१०० आणि एएमडीचा ५एक्स८६-१३३ हे साडेतीनच्या आतले, ३.३ ते ३.४५. ५ व्होल्टवर ठेवलेल्या सॉकेटमध्ये डीएक्स४ घातला की बोटाला चटका बसण्याइतका तापतो आणि मग कधीच बोलत नाही. म्हणून प्रोसेसर घालायच्या आधी रेग्युलेटरच्या धातूच्या पत्र्यावर मीटरचं टोक ठेवून व्होल्टेज प्रत्यक्ष बघा. जंपरवर ३.४५ लिहिलंय आणि मीटरवर ५ येतंय, असा बोर्ड तुमच्या टेबलावर येणारच नाही असं समजू नका.

सॉकेट ३ मध्ये आणखी एक सापळा आहे. त्याला २३७ भोकं, प्रोसेसरला १६८ पिना. बाहेरची ओळ मोकळी राहते. त्यामुळे प्रोसेसर चारही दिशांनी आत जातो. कापलेला कोपरा किंवा ठिपका सॉकेटच्या पहिल्या पिनेशी जुळवा, आणि बाहेर चारी बाजूंनी एकेक ओळ मोकळी दिसते का बघा.

वेगाचं गणित गुणाकाराचं. डीएक्स२-६६ म्हणजे ३३ गुणिले २, डीएक्स४-१०० म्हणजे ३३ गुणिले ३. ५एक्स८६-१३३ ला ३३ गुणिले ४ हवं, आणि बोर्डावर ४ असतच नाही. तिथं २ लावा, हा प्रोसेसर त्या पिनेचा अर्थ ४ असाच घेतो. पेंटियम एमएमएक्स २३३ चंही तसंच: १.५ लावलं की तो ३.५ धरतो. के६-२ च्या नंतरच्या आवृत्त्या २ ला ६ समजतात, म्हणून ६६ च्या बसवरही ४०० निघतात.

पेंटियम एमएमएक्सला गाभ्यासाठी २.८ आणि बाहेर ३.३ अशी दोन व्होल्टेज लागतात. के६-२ ला गाभ्याचं व्होल्टेज बहुधा २.२, चिपच्या डोक्यावरच छापलेलं असतं. एकच व्होल्टेज देणाऱ्या जुन्या सॉकेट ५ च्या बोर्डात यांतलं काही घालू नका.

कॅबिनेटवर ६६ दिसतंय, पण प्रोसेसर १०० चा आहे.

तो आकडा काहीही मोजत नाही. डिस्प्लेच्या मागे जंपर आहेत, हवा तो आकडा लावा. दुकानदार लावायचेच.

बायोस २५६ केबी कॅश दाखवतो, पण मशीन मंद आहे.

कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी, तिथं आहे का हेच आधी बघा. ४८६ च्या शेवटच्या वर्षांत काही स्वस्त बोर्डांवर ‘राइट बॅक’ असं छापलेले प्लॅस्टिकचे पोकळ तुकडे कॅशच्या जागी सोल्डर केलेले असत, आणि बायोस त्यांच्या सोबतीनं खोटं बोलायचा. कॅशचेक किंवा स्पीडसिस हे वेग मोजणारे प्रोग्रॅम चालवा. खरा कॅश असेल तर वेगाच्या आलेखात पायऱ्या दिसतात. खऱ्या कॅशच्या बोर्डावर आकाराचे जंपर आणि टॅगची (कॅशमध्ये कुठला डेटा आहे ते लक्षात ठेवणारी) वेगळी चिप तपासा. टॅग सॉकेटमध्ये सैल झाली तर मशीन चालतं, पण विंडोज मधेच पडतं. सेटअपमध्ये बाहेरचा कॅश बंद करून पडणं थांबलं तर दोष तिथंच.

मोठी हार्डडिस्क किंवा कार्ड लावलं की मशीन अडकतं.

बायोसच्या मर्यादा आहेत. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर एवढंच समजणाऱ्या बायोसला ५०४ एमबीच्या पुढचं दिसत नाही. त्यानंतरच्यांची भिंत २ जीबीला, मग ८.४ जीबीला, आणि बऱ्याच पेंटियम बोर्डांची ३२ जीबीला. त्यापुढची डिस्क ओळखताना ते तिथंच गोठतात.

डॉस आणि विंडोज ३.१ साठी मशीन लावत असाल तर मी म्हणेन भिंत मान्य करा. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आयडीई ॲडॉप्टरवर लावा, सेटअपमध्ये हातानं १०२३, १६, ६३ भरा आणि ५०४ एमबीत सुखानं राहा. त्या काळचं सगळं सॉफ्टवेअर मावून जागा उरते. जास्त हवंच असेल तर मोठ्या डिस्क ओळखणारा एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस एका लहान रॉममध्ये जाळून जुन्या लॅन कार्डाच्या बूट रॉमच्या सॉकेटमध्ये बसवा. डॉस ६.२२ मध्ये एका पार्टिशनची कमाल २ जीबी ही तरीही राहतेच.

फ्लॉपीचा दिवा सतत जळत असेल तर केबल उलटी आहे. बाकी काही नाही.

कीबोर्ड ओळखतच नाही.

मशीन चालू असताना कीबोर्ड काढला-घातला होता का? गोल सॉकेटजवळ बारीक फ्यूज असतो, रेझिस्टरसारखा दिसणारा, तो जातो. सॉकेटवर ५ व्होल्ट येतात का मोजा. कीबोर्डाच्या तळाला एक्सटी-एटी असं बटण असेल तर ते एटीवर हवं. पीएस/२ कीबोर्ड साध्या ॲडॉप्टरनं चालतो, यूएसबी चालत नाही.

के६-२ घातल्यापासून जुना हिशेबाचा प्रोग्रॅम ‘रनटाइम एरर २००’ म्हणतोय.

बोर्ड बरा आहे, प्रोसेसर जास्त पळतोय. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम सुरू होताना मशीनचा वेग मोजतात, आणि साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढं तो भागाकार कोसळतो. सेटअपमध्ये आतला कॅश बंद करून चालतो का बघा, नाहीतर त्या फाइलसाठी पॅच मिळतात. विंडोज ९५ चं असंच दुखणं ३५० मेगाहर्ट्झ आणि वरच्या के६-२ वर आहे. सुरू होतानाच प्रोटेक्शन एरर येते आणि त्याचाही पॅच आहे.

प्रेसवाल्यांसाठी: जुन्या डीटीपीचा डोंगल (पोर्टात लावायची, सॉफ्टवेअर चालायला लागणारी चावी) मशीनला सापडत नसेल तर सेटअपमध्ये पॅरलल पोर्ट ईसीपीवरून साध्या मोडवर आणा आणि पत्ता ३७८ ठेवा. डोंगल ही एकच वस्तू पुन्हा मिळणार नाही, तेव्हा त्या पोर्टावर प्रयोग नकोत. जुनं आयएसए जिस्ट कार्ड (भारतीय लिप्यांसाठीचं) असेल तर तेही जपा.

साउंड कार्ड लावलं की दुसरंच काहीतरी बंद पडतं.

आयआरक्यूची, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधायच्या नंबरांची, मारामारी. साउंड कार्ड २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ वर ठेवा. ७ हा प्रिंटरचा, ४ आणि ३ सिरियलचे. पीसीआय असलेल्या बोर्डात ५ हा जुन्या आयएसएसाठी राखून ठेवायची सोय सेटअपमध्ये असते. मल्टी आयओ कार्ड आणि बोर्डावरचा आयडीई दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका.

पुराच्या पाण्यात गेलेला बोर्ड वाचतो का?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरानंतर हा प्रश्न फार आला. वाचतो, जर पाण्यात असताना बॅटरी नसेल किंवा लगेच काढली असेल तर. पंचगंगेचा गाळ वाळू देऊ नका. ओला असतानाच साध्या पाण्यानं स्लॉटांतून काढा, मग डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल. सॉकेटातल्या चिपा काढून खालची जागा धुवा, गाळ तिथंच दडतो. पावसाळ्यात कोल्हापूरची हवा इतकी दमट असते की बोर्ड वरून कोरडा दिसला तरी स्लॉटांत ओल राहते. आठवडाभर पंखा लावा. एसएमपीएस आणि हार्डडिस्क सोडून द्या. फुगलेला ट्रान्सफॉर्मर आणि गाळ शिरलेली डिस्क यांच्यावर वेळ घालवू नये.

तारीख टिकते, पण साल चुकतं.

बॅटरी ठीक असेल तर डॉसमध्ये डेट कमांडनं एकदा साल घाला. बहुतेक बोर्ड ते पुढं लक्षात ठेवतात. न ठेवणाऱ्यांसाठी बायोसची सुधारित फाइल आहे का बघा. नसेल तर फायलींवरच्या तारखांकडं काणाडोळा करा.

सुटे भाग कोल्हापुरात कुठं मिळतील?

राजारामपुरी, शाहूपुरीतल्या दुकानांत आता लॅपटॉप आणि सीसीटीव्ही. पुढच्या काउंटरवर विचारून उपयोग नाही. दुकानात जुना माणूस असेल तर मागच्या खोलीत काय पडलंय ते विचारा. ॲडॉप्टर, सीआर२०३२, डायोड, कॅपॅसिटर इलेक्ट्रॉनिक्सच्या पार्टच्या दुकानात मिळतात, आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं. कार्ड आणि बोर्ड भंगारात, पण लवकर गाठावं लागतं. सिरॅमिकच्या ४८६ आणि जुन्या पेंटियममध्ये सोनं असतं, म्हणून भंगारवाले प्रोसेसर आधी उपटून वेगळे काढतात आणि सॉकेट वाकलेला बोर्ड उरतो. ओळख करून ठेवा, कार्डं आली की फोन करायला सांगा आणि वजनाच्या भावाला घासाघीस करू नका.

काहीच करून चालू होत नाही. टाकून देऊ?

बायोस, कॅशच्या आणि टॅगच्या चिपा, कीबोर्ड कंट्रोलर, क्लॉकचा क्रिस्टल, जंपरच्या टोप्या एवढं काढून डबीत नाव घालून ठेवा. दुसऱ्या बोर्डाला याच गोष्टी लागतात. राहिलेला पत्रा ई-कचऱ्यात. बॅटरी मात्र वेगळी द्या, कॅडमियम आहे त्यात.